दार उगवतीकडे

हे परमपित्या, आकाशाचा मांडव तू घातलास आणि त्याला एकही खांब लावला नाहीस. तुला आधी नमन. हे प्रभू येशू, तू सुताराच्या घरी वाढलास, रंध्याची धार आणि लाकडाची गाठ तुला ठाऊक आहे, तुला नमन. हे पवित्र आत्म्या, बंद घरातही तू येतोस आणि भ्यालेल्यांना बोलते करतोस, तुला नमन. तुझ्या भक्तांची नावे जगाच्या यादीत असोत वा नसोत, तुला ती पाठ आहेत. त्यांतले एक नाव आज प्रेमाने घ्यायचे आहे. रत्नागिरीजवळच्या कुवारबावात शिवणयंत्रावर संसार करणारी मालनबाई चव्हाण, हे ते नाव.

मालनबाई कुवारबावात राहायला आली तेव्हा तिथे उघडा कातळ होता, चार काजूची झाडे होती आणि वारा होता. मग मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने उभे राहिले. कातळावर चुन्याच्या रेघा पडल्या, रेघांवर भिंती चढल्या, भिंतींमागे नगरची, जालन्याची, कोल्हापूरची माणसे बिऱ्हाडे घेऊन आली. त्यांच्या बायका मालनबाईकडे ब्लाउज शिवायला येऊ लागल्या. एक दिवस एका नव्या बाईच्या खांद्याचे माप घेताना मालनबाईचा हात थबकला. ती बाई गुणगुणत होती, आणि ती चाल होती उपासनेतल्या गीताची!

"तुम्ही आपल्यातल्या का हो?" मालनबाईने टेप गळ्यात टाकत विचारले.

"म्हणजे काय! आम्ही नगरचे. पण इथं देऊळच नाही, तर गायचं कुठं? म्हणून गाते भांडी घासताना."

त्या एका मापातून दुसरे घर कळले, दुसऱ्यातून तिसरे. वर्षभरात अकरा घरे झाली. शहरातले जुने देऊळ दूर, रविवारी एसटीचा भरवसा नाही, म्हणून उपासना रणपिसेदादांच्या घरी भरू लागली. रणपिसेदादा म्हणजे कारखान्यातल्या भांडाराचे प्रमुख आणि मंडळीचे वडील, म्हणजे ज्येष्ठ कारभारी. शिस्तीचे, सचोटीचे, आणि आपल्या नगरकडच्या गावावर नितांत प्रेम करणारे. त्यांचे घर दुसऱ्या मजल्यावर होते. पाळकसाहेब महिन्यातून दोनदा शहरातून सायकलीने येत. चटया अंथरल्या जात, गीते होत, प्रार्थना होत. सर्व काही होते, आणि तरीही मालनबाईच्या मनाचा एक टाका उसवलेलाच होता.

तिचे यजमान शांतवन मास्तर शाळामास्तर होते. तरुणपणी ते कीर्तनात साथीला उभे राहत आणि चिपळ्या वाजवत. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली. बोलणे अडखळू लागले, चालणे थांबले. त्यांना दोन जिने चढवून नेणे शक्य नव्हते. आणि मालनबाईच्या घरात एका खोलीत शिवणयंत्र, दुसरीत मास्तरांची खाट, पाच माणसे आली की सहाव्याला अंगण दाखवावे लागे. म्हणून दर रविवारी ती एकटी वर जाई आणि खाली येऊन खाटेशी बसे.

"कोणतं... गीत?" मास्तर विचारत.

ती सांगे.

"चाल... उतरली?"

"दुसऱ्या कडव्यात उतरली. तुम्ही हवे होता."

मास्तर उजव्या हाताने चादरीवर ताल धरत आणि ते कडवे मनातल्या मनात सावरून घेत. ते पाहून मालनबाई चुलीकडे वळे. देवाजवळ तिचे मागणे एकच होते. त्या हाताने एकदा मंडळीच्या मध्ये बसून ताल धरावा, एवढेच.

म्हणून जमिनीसरसे देऊळ व्हावे असे सर्वप्रथम कोण म्हणाले, तर मालनबाई. जागा मिळाली ती तिच्याच घरामागे, तीन गुंठे कातळ. एका बाजूने चिरे आले, दुसऱ्या बाजूने वाळू आली. कारखान्यातून सुटलेले पुरुष संध्याकाळी वाळू चाळत, बाया पाणी ओढत. गवंडी होता शेजारच्या वाडीतला धाकू. जांभ्या चिऱ्याची भिंत त्याच्यासारखी सरळ रत्नागिरीत कोणी चढवत नसे, असे तो स्वतःच सांगे.

पाया आखताना रणपिसेदादांनी होकायंत्र आणले. "वेदी पूर्वेला," ते म्हणाले. "आमच्या गावच्या देवळात क्रुसामागच्या खिडकीतून सूर्य उगवतो. ईस्टरच्या पहाटे बघाल तर अंगावर काटा येतो. दार पश्चिमेला." सर्वांना ते चित्र गोड वाटले. मंडळीतली बहुतेक माणसे घाटावरची होती. त्यांच्याकडचा पाऊस उभा येतो आणि उभाच परत जातो.

भिंती कंबरेएवढ्या झाल्या त्या दिवशी मालनबाई चहा घेऊन गेली. धाकूने कपाळाचा घाम पुसला आणि दाराच्या जागेकडे बोट केले.

"वैनी, ह्या दार पावसाच्या तोंडाला आलाय. आषाढात पाऊस इचारून आत येयाचा नाय. तुमच्या सायबांना सांगा."

मालनबाई रत्नागिरीचीच लेक. धाकूने न सांगताही तिला ते कळत होते. पावसाळ्यात घराची पश्चिम बाजू माडाच्या विणलेल्या झापांनी झाकायची असते, हे तिने परकर घालायच्या वयात पाहिले होते. पण आधीच खिडक्यांच्या आकारावरून मंडळीच्या पंचांमध्ये वाद होऊन एक महिना गेला होता. डॉक्टरांनी मास्तरांची नाडी पाहून मान हलवली होती. आता दाराचा वाद निघाला तर कौले चढायची पुढच्या वर्षी. आणि पुढचे वर्ष मास्तरांच्या वाट्याला आहे की नाही, कोण जाणे!

"तुम्ही काम चालू ठेवा धाकूभाऊ," ती म्हणाली. "दाराचं मागून बघू."

धाकूने तिच्याकडे पाहिले, चहा संपवला आणि पुढचा चिरा उचलला.

मेच्या शेवटच्या रविवारी समर्पण झाले. चौघांनी मास्तरांना खुर्चीसकट उचलून आणले. देवळाची लांबी ती केवढी! तरी खुर्ची मधून न्यायला जागा राहिली नव्हती, एवढी माणसे. म्हणून ती दाराशीच टेकवली. गीत सुरू झाले. मास्तरांनी उजव्या हातात चिपळी धरली, आणि काय सांगावे! चार वर्षांचा मुका ताल त्या हातातून असा सुटला की पुढच्या रांगेतल्या माणसांनी वळून पाहिले. जे तोंड दोन शब्द जोडताना अडखळे, ते अख्खे कडवे अडखळल्याशिवाय गात होते. मालनबाईने पदर डोळ्यांना लावला नाही. तिला एक क्षणही ते दृश्य झाकायचे नव्हते.

मग आषाढ आला. पहिल्याच रविवारी वाऱ्याने दार ढकलले आणि पाऊस शास्त्रपाठाच्या मधोमध आत शिरला. मागची रांग पुढे सरकली, पुढची भिंतीला टेकली. दार लावून घेतले तर आत काळोख, आणि उंबऱ्याखालून पाणी. दुसऱ्या रविवारी वेदीच्या कापडाची कड भिजली. ते कापड मालनबाईनेच शिवले होते. तिसऱ्या रविवारी एकंदर नऊ माणसे आली.

शेजारच्या आनंदीबाईंनी कुंपणावरून विचारलेच, "काय गो मालन, तुमच्या देवळात म्हणे पोहायला शिकवतात?"

"शिकवतात ना," मालनबाई म्हणाली. "तुझं पण नाव घालू?"

आनंदीबाई पोट धरून हसल्या. पण मालनबाई घरात आली आणि यंत्राशी नुसतीच बसून राहिली.

तिसऱ्या रविवारच्या उपासनेनंतर रणपिसेदादांनी सर्वांना थांबवले. त्यांचा चेहरा उतरला होता. "दसऱ्यापर्यंत देऊळ बंद ठेवू," ते म्हणाले. "तीन महिने शहरात जाऊ. दुसरा उपाय नाही. परमेश्वराच्या घरात छत्री उघडून बसायचं, हे मला बघवत नाही."

मधे चटया असत, म्हणून समर्पणापासून मास्तरांची खुर्ची दाराशीच टेकवली जाई; आजही ते तिथेच बसले होते. खांद्यावरचे उपरणे ओले होते. हातातली चिपळी त्यांनी मांडीवर ठेवली, अगदी हळू, आवाज होऊ नये अशी.

तो न झालेला आवाज मालनबाईने ऐकला. ती उठली.

"दादा, दोष माझा आहे. धाकूभाऊने मला भिंत कंबरेएवढी असतानाच सांगितलं होतं. मी इथली, मला कळतही होतं. मी तुम्हाला बोलले नाही. वाद होईल, काम राहील, आणि ह्यांना..." तिने खुर्चीकडे पाहिले. "ह्यांना देवळात बसलेलं मला पाहायचं होतं. लोभ झाला मला. मंडळीने क्षमा करावी."

कौलांवर पाऊस तडतडत होता.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" रणपिसेदादा म्हणाले. आवाजात राग होता, पण त्याहून जास्त दुखावलेपण होते.

"होतं. आणि उपायही आहे. धाकूभाऊला विचारून आले आहे. वेदी पश्चिमेला घेऊ. दार पूर्वेच्या भिंतीत काढू. हीच चौकट तिकडे, तिकडचे चिरे इकडे. एक उघडीप मिळाली की झालं."

"आणि आपण मावळतीकडे तोंड करून प्रार्थना करायची? मालनबाई, माझ्या आजोबांच्या काळापासून..."

"दादा, आजोबांच्या गावाला हा पाऊस नव्हता. सूर्य देवाने पाठवला, तसा पाऊसही त्यानेच पाठवलाय. एकाला समोर घ्यायचं आणि दुसऱ्याशी भांडायचं, हे कसं जमेल? आणि दार पूर्वेला झालं तर सूर्य कुठं जातो? तो दारातून आत येईल. आपल्या पाठीवर हात ठेवील."

रणपिसेदादा क्रुसाकडे पाहत राहिले. तेव्हा दाराकडून आवाज आला.

"रणपिसे... इकडे या."

दादा गेले.

"इथं... बसा. माझ्याजवळ."

रणपिसेदादा चटईवर बसले, मास्तरांच्या खुर्चीशेजारी, दाराकडे पाठ करून. दोन क्षण गेले. मग समुद्रावरून आलेल्या झडीने दाराची फळी आपटली आणि ओंजळभर पाणी त्यांच्या मानेवरून थेट सदऱ्यात उतरले. दादा "अगं आई गं!" म्हणून ताडकन उठले. चष्म्यावरून पाणी गळत होते.

"मी... तीन रविवार... बसलोय," मास्तर म्हणाले. ओठांची एकच बाजू हसली.

आधी मंडळीतली एक बाई हसली, मग दुसरी. मग रणपिसेदादा स्वतः हसू लागले. चष्मा पुसता पुसता त्यांचे डोळेही पुसून झाले. ते मास्तरांसमोर वाकले. "मास्तर, मी पुढे उभा राहून क्रूस बघत होतो. मागे कोण भिजतंय, ते बघितलंच नाही. मला क्षमा करा." मग मालनबाईकडे वळून म्हणाले, "तुमचा लोभ मंडळीला चालेल, ताई. पण पुढच्या वेळी वाद घाला. धाकूला निरोप द्या."

उघडीप मिळाली बुधवारी. धाकूने पूर्वेच्या भिंतीला टेकू दिले. पहिला चिरा काढायला रणपिसेदादांनी पहार मागून घेतली, आणि धाकूने ती त्यांच्या हातात उलटी धरलेली सुलटी करून दिली.

"सायेब, आमच्या गावच्या देवळाचा दार पण उगवतीलाच हाय," धाकू म्हणाला. "देव शहाणा असतो. आपल्यालाच उशिरा समाजतां."

"हे तू मला का नाही सांगितलंस रे?"

"तुमच्या हातात ता घड्याळासारखा काय ता व्हता ना! मला वाटला, तेच्यात पाऊस पण दिसत आसंल."

शनिवारी संध्याकाळी काम संपले. रविवारी पावसाने पश्चिमेच्या भिंतीवर मनसोक्त हात साफ केला, आणि आत एक थेंब आला नाही. सत्तावीस माणसे जमली. पूर्वेचे दार मालनबाईच्या परसाच्या समोर उघडत होते. मास्तरांची खुर्ची आणायला आता दोघे पुरले. रणपिसेदादांनी मधली वाट राखून ठेवली होती. खुर्ची त्या वाटेने सरळ पुढे गेली आणि वेदीच्या पायरीशी, गाणाऱ्यांच्या मध्ये टेकली.

मालनबाई दाराशी होती. ओल्या छत्र्या मिटून ती कोपऱ्यात उभ्या करत होती. तिच्या कानावर दादांचा आवाज आला, "मास्तर, गीत तुम्ही सुरू करा." मग चिपळीचे दोन ठोके पडले, आणि शांतवन मास्तरांचा थोडा थरथरता, पण सुरात पक्का आवाज देवळाच्या लांबीभर पसरला. मंडळी त्याच्या मागोमाग निघाली. दुसरे कडवे आले. चाल उतरली नाही. मालनबाई शेवटची छत्री हातात धरून तशीच उभी राहिली, आणि मग तीही गाऊ लागली.

हे कृपावंता, त्या कंठाला शेवटच्या श्वासापर्यंत सूर दे. मालनबाईच्या डोळ्यांना सुईत दोरा ओवण्याइतकी दृष्टी आणि पायांना परसातून देवळापर्यंत चालण्याइतके बळ दे. मास्तरांच्या उजव्या हाताला ताल दे, डाव्या हाताला शांती दे. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात भाकरी असो, हसणे असो, आणि सहावे माणूस आले तर त्यालाही बसायला जागा असो. त्या घराचे येणे आणि जाणे तू आपल्या पंखाखाली सांभाळ, आता आणि निरंतर. आमेन.