खुनी दोघांनी शोधायचा

दिलावर तांबोळी यांना राहात्यात आधी कॅसेटवाले म्हणून ओळखत. घरोघरी केबल आली तशी त्यांची व्हिडिओ लायब्ररी ओस पडली आणि सत्त्याण्णव साली त्यांनी त्याच गाळ्यात कॉम्प्युटर मांडून क्लास काढला. बाहेरच्या पाटीवर जगातल्या सगळ्या कोर्सची नावं होती. आत मुलं टायपिंग शिकायची आणि सरांची पाठ वळली की मोटारींच्या शर्यती लावायची.

दुपारी क्लास रिकामा असे. अशाच एका दुपारी पुण्याहून आणलेल्या सीड्यांच्या गठ्ठ्यात दिलावरभाईंना एक वेगळीच गेम सापडली. तिच्यात पळायचं नव्हतं की गोळ्या झाडायच्या नव्हत्या. एका मोठ्या घरात खून झालेला असायचा. आपण खोल्या धुंडाळायच्या, माणसांना प्रश्न विचारायचे आणि खुनी ओळखायचा. सगळं इंग्रजीत. दिलावरभाई मांडीवर डिक्शनरी घेऊन ती शेवटापर्यंत खेळले आणि मग तसल्या मिळतील तेवढ्या सीड्या त्यांनी गोळा केल्या.

त्यांचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे चेतन, पतसंस्थेतला कारकून. नवीन लग्न, घर माणसांनी भरलेलं, बायकोशी दोन शब्द बोलायचे तर पाण्याच्या टाकीमागे जावं लागे. कॉम्प्युटरशिवाय आता कोणाचं भलं नाही, असं वडिलांना पटवून तो माधुरीला घेऊन क्लासला आला. दिलावरभाईंनी चेहरे वाचले आणि दोघांना एकाच मशीनपुढे खुर्चीला खुर्ची लावून बसवून खुनाची सीडी लावली. स्वतः मागे उभे राहून ते मराठीत गोष्ट सांगत. गेममधले लॉर्डसाहेब त्यांच्या तोंडी पाटील झाले, बटलर गडी झाला, वकील मात्र वकीलच राहिला. नवराबायको घरी गेले तेही वकिलावर संशय घेत. सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं की सून अभ्यासाला लई चिकाटीची आहे.

बघता बघता जोड्या वाढल्या. कोणाला कोणती गेम द्यायची यात दिलावरभाईंचा हात धरणारा कोणी नव्हता. नव्या जोडप्याला ते पुष्कळ दारं आणि थोडं वाचन असलेली गेम देत, म्हणजे डोकी जवळ येतात. लग्नाला दहा वर्षं झाली असतील तर विषप्रयोगाची गेम कपाटाबाहेर काढत नसत. सासऱ्याची जमीन वाटपात अडकलेली असेल तर मृत्युपत्रावरून झालेला खून वर्ज्य. भुताची गेम फक्त माहेरी निघालेल्या बाईला द्यायची, कारण भ्यालेली बाई चार दिवस उशिरा निघते.

ही कीर्ती पेरूचे आडते सूर्यभान यांच्या कानावर गेली. त्यांची मुलगी जयमाला बी.कॉम. झाली होती आणि नागापूरच्या एमआयडीसीतल्या सचिन नावाच्या इंजिनिअरशी तिचं जुळत आलं होतं. सूर्यभान क्लासमध्ये आले, खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "पत्रिका जुळली, मानपान ठरलं. आता तेवढी गेम जुळती का बघा. पत्रिकेला काय, पोराचं त्वांड दिसत न्हाई."

दिलावरभाईंनी आढेवेढे घेतले, पण मनातून ते सुखावले. रविवारी दोन्हीकडची मंडळी गाळ्यात दाटीवाटीने बसली. मुलीची आत्या चिवडा घेऊन आली होती. सचिनने बसताच माऊस हातात घेतला आणि तो सोडलाच नाही. दिवाणखाना, स्वयंपाकघर, तबेला, दिसेल तिथे तो क्लिक करत सुटला. जयमालाने हळूच सांगितलं की दारामागची छत्री ओली आहे, म्हणजे कोणीतरी आत्ताच बाहेरून आलंय. सचिनने ऐकलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. त्याने मान हलवली आणि तबेल्यातली बादली तपासली. शेवटी त्याने माळ्याला पकडून दिलं. पडद्यावर इंग्रजीत अक्षरं आली. खरा खुनी पळून गेला, असं दिलावरभाईंना सांगावं लागलं.

मुलाचे वडील म्हणाले की माळ्याचाच काहीतरी हात असणार, मशीनला काय कळतंय. सूर्यभाननी दिलावरभाईंचं मत विचारलं. गाळा दोन्हीकडच्या लोकांनी भरलेला होता, म्हणून दिलावरभाई एवढंच म्हणाले, की मुलगा धडाडीचा आहे, कदाचित गेम निवडण्यात माझंच चुकलं असेल.

तेवढ्यात जयमाला बोलली. आवाज चढवला नाही. "गेम बरोबर होती. मला हे लग्न करायचं नाही."

चिवडा तसाच राहिला.

गावात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, तांबोळ्याच्या मशीनने मुलीचं डोकं फिरवलं. दुसऱ्या तटात बहुतेक मुलींचे बाप होते, आणि त्यांनी क्लासबाहेर रांग लावली. पुणतांब्याहूनसुद्धा स्थळं तपासायला येऊ लागली. बैठकीत पगार, शेती, बहिणींची लग्नं यांच्या जोडीला मुलाला गेम दाखवली का, असा प्रश्न आला.

मग मुलाकडचे शहाणे झाले. ते कार्यक्रमाच्या आधीच, मागच्या दाराने, मुलाला घेऊन येऊ लागले. दिलावरभाईंना नाही म्हणवेना. त्यांनी लग्नाळू मुलांसाठी वेगळा कोर्स सुरू केला. माऊस पुढे सरकवून "तुम्ही घ्या" कधी म्हणायचं, किती वेळ गप्प राहायचं, छत्रीपाशी थांबून "तुमचं काय मत?" कसं विचारायचं, हे सगळं ते शिकवत. मुलं हुशार निघाली. त्या उन्हाळ्यात राहाता तालुक्यात इतके समजूतदार नवरदेव बोहल्यावर चढले की जाणत्या बायकांना काळजी वाटू लागली. तक्रारी श्रावणात, मुली माहेरी आल्यावर सुरू झाल्या. एकीने सांगितलं की आजवर नवऱ्याने तिचं मत एकदाच विचारलं, तेही लग्नाआधी, छत्रीबद्दल.

हे गाऱ्हाणं गौहरपर्यंत पोहोचलं. गौहर म्हणजे दिलावरभाईंची बायको. तिने भाकरी थापता थापताच विचारलं, "दुनियेला शिकवता, बायकोला विचारा म्हणून. मला एवढ्या वर्षांत काय विचारलंत?"

दिलावरभाईंनी आठवून पाहिलं. काही आठवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ते तिला गाळ्यात घेऊन आले आणि त्यांनी आपली सर्वात आवडती गेम लावली. पहिल्याच खोलीत गौहरने वकिलावर बोट ठेवलं आणि यांच्या तोंडून निघून गेलं, "तो नाही." दुसऱ्या गेममध्ये ते गप्प बसले, पण खुनी पडद्यावर आला की खोकायचे. तिसरीत त्यांनी तोंडात रुमाल धरला, तर भुवया वर गेल्या. गौहर उठून घरी गेली. तालुक्याला जोडीने खेळायला लावणाऱ्या या माणसाला स्वतः कोणाबरोबर खेळण्याची सोय उरली नव्हती.

त्यांनी लग्नाळूंचा कोर्स बंद केला. मुलाकडच्यांनी पुष्कळ गळ घातली. मग पुण्याहून सीड्यांचा नवा गठ्ठा आला, तो त्यांनी न उघडता घरी नेला आणि बायकोपुढे ठेवला. गौहरने बराच वेळ कव्हरांवरची चित्रं न्याहाळली. तिने एका आगगाडीतल्या खुनाची सीडी निवडली, कारण त्या चित्रातली बाई, तिच्या मते, काहीतरी लपवत होती.

रोज दुपारी गाळा आतून बंद होऊ लागला. दिलावरभाई इंग्रजी वाचत, अडत, डिक्शनरी उघडत. माऊस गौहरच्या हाती. त्यांना काहीच माहीत नसल्यामुळे ते हवे तेवढे बोलू शकत होते, आणि बहुतेक वेळा चुकत होते. तिचा संशय डॉक्टरवर, यांचा त्या बाईवर. अखेर सगळे प्रवासी एका डब्यात जमले, खुनी जाहीर होणार, आणि पडदा गोठला. सीडीला चरा होता. पुसली, फुंकली, दुसऱ्या मशीनमध्ये घातली, तरी गाडी तिथेच थांबायची. पुण्याच्या दुकानदाराकडे दुसरी प्रत नव्हती.

दिलावरभाईंना हळहळ वाटली. गौहरला मुळीच वाटली नाही. डॉक्टरच होता, ती म्हणाली, आणि जेवायला वाढलं. दिलावरभाईंनी ताटावर बसल्या बसल्या विचारलं की मग डॉक्टरच्या हातमोज्याला रक्त कसं नव्हतं. त्यावर तिच्याकडे उत्तर होतं. ते त्यांना पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही.