तेराव्या जोडीचा सूर

खमीस मुशैतला जायचंय असं कुणी म्हटलं की मी आधी सांगतो, स्वेटर घ्या. सौदीत थंडी वाजते हे दम्मामच्या कॅम्पात चार उन्हाळे भाजून निघालेल्या मलाही पटलं नव्हतं.

तेलाच्या तेजीचे दिवस होते. मी मिरजेच्या सतारमेकरांच्या घरातला, पण दम्मामला शटरिंगच्या फळ्या ठोकत होतो. कंपनीचा खमीसचा जर्मन इंजिनियर नोकरी सोडून निघाला होता. त्याची बायको वर्षापूर्वी वारली, आणि जाण्याआधी तिचं वाद्य त्याला नीट करून हवं होतं. कफीलचं, म्हणजे माझ्या सौदी मालकाचं पत्र आणि इकामा हा राहण्याचा परवाना खिशात घालून मी कंपनीचे ड्रायव्हर लतीफभाई यांच्या ट्रकमध्ये चढलो.

रियाधजवळ अल सुलैच्या गोदामात निम्मा माल उतरवला. पुढे वाळूच वाळू, तेव्हा पाण्याचे दोन कॅन जवळ ठेवाच. दहा रियालात दोघांची भात-कोंबडी व्हायची.

"मिरजकर, माशाशिवाय भात म्हणजे शिक्षा हो," रत्नागिरीचे लतीफभाई रोज म्हणत.

तिसऱ्या दुपारी खमीसला पोचलो तर धुक्यात समोरचं घर दिसेना. इंजिनियरने दारं-खिडक्या लावून वाद्य बाहेर काढलं. ल्यूट. अर्ध्या भोपळ्यासारखी पाठ, मागे मुडपलेली मान आणि तातीच्या, म्हणजे आतड्याच्या तारा.

"यात तारांच्या अकरा जोड्या आहेत," तो हिंदी-इंग्रजीची मोट बांधत म्हणाला. "पहिल्या दोन एकेरी, पण मोजताना जोडीच धरायची. जुन्या फ्रेंच रचना अकरा जोड्यांसाठी. नंतरच्या जर्मन रचनांना तेरा लागतात. लांब मानेचं मोठं भावंड वेगळं, ते बहुतेक साथीला. माझ्या बायकोची आवडती रचना तेरा जोड्यांची आहे. शेवटचा सूर तेराव्या जोडीचा. तो इथे नाही, म्हणून ती तोंडानेच म्हणायची."

त्याला तो सूर याच घरात, एकदा तरी, वाद्यावर ऐकायचा होता.

वाढीव दोन जोड्यांसाठी मी मानेच्या कडेला खुंट्यांची छोटी पेटी बसवली. सरस वाळायला दोन दिवस दिले. काम झकास झालं आणि मग मी माती खाल्ली. पट्टीबाहेरच्या तारा पाहून हात सतारीच्या सवयीने चालला. तरफाच, म्हणजे सतारीच्या खालच्या आपोआप गुंजणाऱ्या तारा समजून एकेक सूर चढवत गेलो. खरं तर तिथे प्रत्येक तार शेजारणीहून खाली उतरते. तेराव्या जोडीतली जाड तात फटकन तुटली. दुसरी नव्हती. जोडीतली बारीक तार एकटी काय बोलणार? तीही उतरवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो रागावला नाही. "ठीक आहे," म्हणाला आणि वाजवायला बसला. बाहेर धुकं काचेला टेकलं होतं. शेवटच्या ओळीला त्याने तळहाताने सगळ्या तारा दाबून गप्प केल्या. अंगठा रिकाम्या जागेवर थांबला.

आणि सूर आला. खोल, लांब. खोलीत कुणीच हललं नाही. त्याचे डोळे भरले. मला मात्र सरळ भीती वाटली.

दाराबाहेर चहा पीत बसलेले लतीफभाई मी बाहेर येताच म्हणाले, "शेवट काय छान केलात हो! तार मिळाली वाटतं?"

परतीच्या तीन दिवसांत मी त्यांना खरं सांगितलं नाही.

पुढे मिरजेला येऊन पुन्हा सतारीच करू लागलो. भाऊ म्हणतो, भोपळ्यात उरलेली गूंज असेल. मीही तसंच समजावलं असतं मनाला. पण तार छेडली की सुराच्या आधी बोटाचा आघात ऐकू येतो. त्या सुराला आघात नव्हता. तो सुरू होण्याआधी कुणीतरी श्वास घेतला होता.