तोडणीची तारीख

संगणकाच्या धंद्यात माणसं वर जातात, खाली येतात, परदेशी जातात; पण बावीस वर्षं एकाच प्रोग्रॅमवर ठाण मांडून बसलेला माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच असेल आणि तो माझ्या आक्काचा नवरा आहे. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. मी मेव्हणा म्हणून म्हणायचो, ऑफिसातले मी म्हणतो म्हणून म्हणायचे, आणि पुढे पुढे बीडच्या स्टँडवरचे रिक्षावालेसुद्धा दाजीच म्हणायला लागले. मला कंपनीत चिकटवलं त्यांनीच. पहिल्या दिवशी खुर्ची पुसून देत म्हणाले, "बसा पाव्हणं. हितं एकदा बसलेला माणूस उठत न्हाई." ते कौतुकानं म्हणाले होते. मला त्यातली धमकी कळायला नऊ वर्षं लागली.

आमची कंपनी स्टँडजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर होती. सहकाराला चांगले दिवस होते तेव्हा दूध संघ, सूतगिरण्या, साखर कारखाने असे सगळे आमचे गिऱ्हाईक होते. अठरा माणसं, पाच खोल्या आणि एक एसी असा थाट. मग एकेक संघ बसत गेला. पावसानं लागोपाठ दडी मारली की ऊस नाही, ऊस नाही म्हणून कारखान्याची चिमणी थंड, आणि चिमणी थंड झाली की आमचा फोन वाजायचा बंद. शेजारच्या कोचिंग क्लासची मात्र भरभराट चाललेली. दर एक-दोन वर्षांनी त्यांना एक खोली कमी पडायची आणि नेमकी तेव्हाच आम्हाला एक जास्त व्हायची. शेवटी आमच्याकडे एक खोली आणि चार माणसं उरली, मधे प्लायवूडचं पार्टिशन. पलीकडून दिवसभर भिंगं आणि आरसे ऐकू यायचे. दाजींना ते ऐकून ऐकून पाठ झालं आणि क्लासचे सर चुकले की ते इकडून पार्टिशनवर टकटक करायला लागले. एकदा सर स्वतः आले. म्हणाले, "दाजी, तुमचं बरोबर हाय, पण पोरांसमोर ठोकू नका." तेव्हापासून दाजी चुका चिठ्ठीवर लिहून ठेवायचे आणि मधल्या सुटीत नेऊन द्यायचे.

त्यांचा तो प्रोग्रॅम कारखान्याच्या वजनकाट्याचा. उसाची गाडी काट्यावर आली की शेतकऱ्याचं नाव, गाव, उसाचा वाण, तोडणीची तारीख आणि वजन भरायचं, एफ-सात दाबायचं, की करकर करत पावती बाहेर. काळा पडदा, हिरवी अक्षरं. माऊसला दाजींनी कधी हात लावला नाही. तो कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असायचा. कुणी नवीन काही दाखवलं की ते शांतपणे बघायचे आणि विचारायचे, "ह्यात एफ-सात दाबलं की काय होतंय?" काहीच होत नाही म्हटलं की म्हणायचे, "मग काय उपेग?"

प्रोग्रॅमची एक अट मात्र दगडासारखी होती. तोडणीची तारीख भरल्याशिवाय पावती निघायची नाही. दाजींच्या तरुणपणी काट्यावरचे कारकून ती कोरी सोडायचे, मग ऊस कधी तोडलाय ते कळायचं नाही आणि आठवड्याचा वाळलेला ऊस ताजा म्हणून आत जायचा. म्हणून दाजींनी चिडून ती अट घातली, आणि अशा कुठल्या कोपऱ्यात घातली की पुढे ती त्यांनाच सापडेना. काढा म्हटलं की म्हणायचे, "एक ओळ हलवली तर सगळंच ढासळंल, पाव्हणं."

या अटीनं एका दुष्काळात केवढा गोंधळ घातला. शिरूर कासारच्या बाजूला एका सहकारी संस्थेनं जनावरांची चारा छावणी काढली आणि दोन दिवसांत जनावरांची नोंदणी करून द्या म्हणून आमच्याकडे आली. दोन दिवसांत नवं काय लिहिणार? दाजींनी काट्याचाच प्रोग्रॅम छावणीत नेला. उसाच्या जागी जनावर आलं, वाणाच्या जागी गाय, बैल, म्हैस आली. तोडणीची तारीख काही निघेना, तेव्हा तिथं पुढच्या मंगळवारची तारीख टाकून मोकळे झाले. सकाळी पावत्या वाटल्या. एका म्हातारीनं आपली पावती कुणाकडून तरी वाचून घेतली, गप उठली आणि म्हशीचं दावं सोडायला लागली. दाजींनी विचारलं, "मावशी, कुठं निघालाव?" ती म्हणाली, "माजी मोरी म्हस मंगळवारी तोडायची कावून ठरवलंस बाबा? तिनं तुजं काय केलंय?" दुपारपर्यंत अर्धी छावणी दावी सोडत होती. दाजी तीन दिवस तिथंच पेंडीच्या पोत्यावर बसले आणि एकेका पावतीवरची तारीख पेनानं खोडत प्रत्येकाला सांगत राहिले, "ही तारीख तुमच्या जनावराची न्हाई. चूक माजी हाय."

एवढं होऊनही त्यांचं प्रेम आटलं नाही. आमच्या विहारातल्या ग्रंथालयाची यादीसुद्धा त्यांनी त्याच प्रोग्रॅमवर चढवली. तिथल्या प्रत्येक पुस्तकाला आजही गाव, वाण आणि तोडणीची तारीख आहे.

हे सगळं मी मित्रांना रंगवून सांगायचो आणि खूप हसवायचो. पण मलाही तेवढंच येत होतं. दाजींनी शिकवलेला तो एक प्रोग्रॅम. नोकरीच्या जाहिराती वाचायचो, त्यात मागितलेल्या दहा गोष्टींतल्या सहा मी ऐकलेल्याही नसायच्या. तिशी उलटली होती, बायको मुलाच्या शाळेच्या चौकशा करत होती, आणि रोज सकाळी जिना चढताना भीती वाटायची की आपण इथंच म्हातारे होणार. मला दाजींसारखं व्हायचं नव्हतं. ज्यांनी खुर्ची पुसून दिली त्यांच्याबद्दल असं वाटतं याची लाजही वाटायची.

शेवटी मी गावातच नव्या प्रोग्रॅमिंगचा एक क्लास लावला, गुपचूप. वेळ दुपारी दोन ते पाच, म्हणजे ऐन कामाची. पण माझं नशीब असं की नेमकं तेव्हाच दाजींना प्रवासाचं वेड लागलं. कुठूनही बोलावणं आलं की आधी पाळीनं जायचो. आता फोन ठेवायच्या आत त्यांची पिशवी खांद्यावर. युसूफ वडगावच्या सोसायटीचा प्रिंटर अडो की आणखी कुणाचा संगणक बंद पडो, "तुमी बसा पाव्हणं, मला येष्टीच्या खिडकीत लई बरं वाटतंय." भर मे महिन्यात निघायचे. बरोबर पाण्याची बाटली आणि खिशात एक लिंबू, जे ते वाटेत हुंगत बसायचे. संध्याकाळी मिशीपर्यंत धूळ घेऊन परत. वर्षभर हे चाललं. मी सगळ्यांना सांगायचो, दाजींना आता एसटीनं झपाटलंय.

दाजी स्वतः पूर्वी एकदा पुण्याला मुलाखतीला गेले होते. तुमचं सगळ्यात मोठं काम कोणतं, असं विचारल्यावर त्यांनी म्हातारीच्या म्हशीची गोष्ट सांगितली. "लई हासले बिचारे. दोनदा चहा पाजला," असं ते आम्हाला खुशीत सांगायचे. त्या रात्री ते जेवले नव्हते, हे मला आक्काकडून कळलं.

मला पुण्याची नोकरी लागली तेव्हा चार दिवस मी दाजींची नजर चुकवत फिरलो. पाचव्या दिवशी धीर करून म्हटलं, "दाजी, मी चाललोय." ते पडद्याकडे बघतच म्हणाले, "चला, सुटलो. आता मला येष्टीत बसायची गरज न्हाई. कंबर गेली बगा माजी."

मी तडक आक्काकडे गेलो. दाजी असं का म्हणाले विचारलं तर ती म्हणाली, "आरं, त्यांना लहानपणापासून गाडी लागती. आमच्या लग्नातसुदिक लिंबू घेऊन आलते." माझ्या क्लासची वेळ त्यांना पहिल्या आठवड्यापासून माहीत होती, हेही तिनंच सांगितलं. मी ज्या माणसाची वर्षभर टिंगल केली, तो रोज जीव मुठीत धरून माझ्यासाठी खिडकीत बसत होता. त्या दिवशी मी आक्कासमोर रडलो, आणि तिनं मला रडू दिलं.

निघायच्या दिवशी दाजी स्टँडवर आले. गाडी सुटायच्या बेतात असताना खिडकीतून एक पावती आत सरकवली. आमच्याच करकरणाऱ्या प्रिंटरची, फिकट जांभळ्या शाईची. नाव: पाव्हणं. गाव: बीड. वाण: चांगला. तोडणीची तारीख: आणि पुढे काहीच नाही. मी वर बघितलं.

"सापडली ती ओळ," ते म्हणाले. "तीन रविवार गेले. काढली, तर ढासळलं काहीच न्हाई."

"मग दाजी, आता नवीनबी शिका की," मी म्हणालो.

"बगू," म्हणाले, आणि खिशातलं लिंबू माझ्या हातावर ठेवून मागे सरकले. मला गाडी कधीच लागत नाही, पण आष्टीपर्यंत ते लिंबू माझ्या मुठीत होतं.

पुढे आमच्याकडे उरलेला शेवटचा कारखानाही दुसऱ्या प्रोग्रॅमवर गेला आणि क्लासनं आमची उरलेली खोली घेतली. दाजी आता घरी असतात, दुपारी विहारात जाऊन पुस्तकं लावतात. नवीन काही शिकले नाहीत. पुण्यात मी शिकलेलंही आता जुनं व्हायला लागलंय. कधी कधी सकाळी लिफ्टमध्ये तीच भीती परत येते. मग मी दाजींना फोन करतो. ते पाण्याच्या टँकरचं सांगतात, आक्काच्या गुडघ्यांचं सांगतात आणि शेवटी विचारतात, "कवा येताय?" मी म्हणतो, येतो. तारीख मी सांगत नाही, आणि आता तेही तारखेसाठी अडून बसत नाहीत.