पसरून ठेवलेली वाकळ

चंदगडकडच्या दवाखान्यांत नर्स म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले आणि कोल्हापुरात घरी आले, तेव्हा मनात एकच हौस होती, एक वाकळ शिवायची. आई गेल्यावर मुरगूडहून भावानं तिच्या साड्यांचं गाठोडं आणून दिलं होतं. ते कपाटावर पडून होतं. वाकळ शिवायला आईनंच शिकवलेलं, तेव्हा पहिली तिच्याच साड्यांची करू म्हटलं.

पण वाकळीला जागा लागते. जुन्या साड्यांचे थर जमिनीवर ताणून पसरायचे, कोपऱ्यांवर वजनं ठेवायची, लांब लांब टाके घालून सगळं धरून घ्यायचं आणि मग कडेपासून आत धावदोरा घालत यायचं. आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पसारा मांडला की कुणीतरी पाहुणं येणार, नाहीतर जेवणाची वेळ होणार, आणि रात्री तिथंच अंथरुणं पडणार. रोज पसरा, रोज गुंडाळा. पसरण्यातच कंबर भरून यायची. दिवाळी गेली, पाडवा गेला, वाकळ होती तिथंच. शेवटी गाठोडं परत कपाटावर गेलं आणि कुणी विचारलं तर मी "डोळे दुखतात" म्हणू लागले.

समोरच्या घरातल्या अक्कांना ते काही पटलं नाही. अक्का माझ्याहून वयानं बऱ्याच मोठ्या, गडहिंग्लजकडच्या, कपाळावर विभूती, बोलण्यात मधूनच कानडी. त्यांच्या घराच्या गल्लीकडच्या खोलीत पूर्वी भांड्यांचं दुकान होतं. मुलांनी ते बाजारात हलवल्यापासून तिथलं शटर बंदच.

"डोळं बिळं काय न्हाय तुझं," त्या म्हणाल्या. "ती खोली रिकामी हाय की. तितं पसर. उचलायची बी गरज न्हाय."

"अक्का, किती दिवस लागतील कुणास ठाऊक."

"लागू देत. मला काय तितं मोटार लावायची हाय व्हय?"

किल्ली मिळाली. मी आनंदानं गेले, साड्या पसरल्या, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि तरीही सुरुवात होईना. शटर जड, अर्धंच वर जायचं. आत अंधार, कुबट वास, बसायला गार फरशी. मी जायची, झाडून काढायची, थोडा वेळ बसायची आणि भाजीची नाहीतर चष्म्याची आठवण काढून घरी यायची. एवढी जागा देऊनही हिच्या हातून काही होत नाही, असं अक्कांना वाटत असेल, या विचारानं आणखीच अवघडल्यासारखं व्हायचं. एक दिवस जेवताना हे सगळं नवऱ्याला सांगितलं.

माझा नवरा एसटीत ड्रायव्हर होता. बोलणं कमी. त्यानं ऐकून घेतलं, ताक प्यायला आणि उठला. मला वाटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर शटर पूर्ण वर. त्याला तेल घातलेलं. फरशी धुतलेली, वर नवा बल्ब, खाली जाड सतरंजी. भिंतीला टेकायला उशी. आणि वाकळीच्या कडेला, मी बसायची तिथंच, सुयांची गादी. तिच्यात सुया ओवून खोचलेल्या, प्रत्येकीचा दोरा बेतानं कापलेला.

"अहो, मला काय सुई ओवता येत नाही?" दारात उभ्या नवऱ्याला मी म्हटलं.

"येती की. पन सुई ओवायच्या निमतानं चष्मा आणाय घरी येतीस, आन् घरी आलीस की ऱ्हातीस."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. बसले आणि पहिली सुई उचलली. ती संपेपर्यंत दुसरी समोर तयारच होती. दुपारच्या चहापर्यंत मी उठलेच नाही.

त्या दिवसापासून सकाळच्या चहानंतर तो समोर जायचा, शटर वर करायचा, सुया ओवून ठेवायचा. मी जाईपर्यंत उजेड आत आलेला असायचा. मग अक्काही पाट घेऊन येऊ लागल्या. "मी बी बसतो हितंच," म्हणायच्या आणि शेंगा फोडत बसायच्या. जाणारे-येणारे थांबायचे. एकदा एका अनोळखी माणसानं विचारलं, "काय, दुकान काढलं काय नवीन?" अक्का म्हणाल्या, "व्हय पावणं, पर इकायचं काय न्हाय."

आईची पांढरी साडी, विहारात वंदनेला जाताना नेसायची ती, कुठं लावावी यावर मी फार दिवस अडले होते. तिला कात्री लावायची हिंमत होत नव्हती. अक्कांनीच तोड काढली. "कापू नगंस. घडी घालून मदी ठेव, बाकीचं भवतीनं लाव." तसंच केलं. मधोमध पांढरं, भोवती हिरवं, जांभळं, कडेला नवऱ्याच्या जुन्या खाकीची पट्टी.

वाकळ पुरी झाल्यावर ती घेऊन आम्ही दोघं मुरगूडला गेलो. भावानं ती कॉटवर उलगडली. बराच वेळ नुसता हात फिरवत राहिला. वहिनी म्हणाली, "आत्याबाईंची ती हिरवी, माझ्या लग्नातली." मग आम्ही सगळेच एकेक तुकडा ओळखत बसलो, आणि त्या घरात पुष्कळ दिवसांनी आईविषयी हसत बोलणं झालं.

परत आल्यावर मी अक्कांना किल्ली द्यायला गेले. त्यांनी ती घेतली नाही. आतून एक बोचकं आणून माझ्यापुढं सोडलं. त्यांच्या लग्नातलं इरकल लुगडं होतं त्यात, काठ अजून लालभडक.

"मला शिकीव," त्या म्हणाल्या.

आता खोलीत दोन गाद्या असतात सुयांच्या. अक्कांचे टाके वाकडे येतात, आणि सरळ करा म्हटलं की त्या कानडीत काहीतरी पुटपुटतात. मी अर्थ विचारत नाही.