दत्तूकाकांचं ते वर्ष

लेकीला बास्केटबॉलच्या सरावाला सोडलं की मी मैदानाच्या कठड्यावर बसते. शेजारी क्लबचे जुने खेळाडू असतात, सगळे साठीपुढचे. त्यांचा एक वाद काही मिटत नाही: क्लबमध्ये आजवर सगळ्यात भारी सीझन कोणाचा झाला? अख्खी कारकीर्द बघायची नाही, फक्त एक वर्ष धरायचं. आणि ज्याचं नाव निघेल त्यानं तिथं थांबायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. त्याच्या तोंडावर खरं कोण बोलणार?

काल दत्तूकाकांचं नाव निघालं. ते निमूट उठले, गुडघ्याचा पट्टा सारखा केला आणि पलीकडच्या बास्केटखाली जाऊन एकटेच बॉल टाकत राहिले. इकडे आवाज चढले. "अरे, त्या वर्षी दत्तूला अडवायला तिघं लागायचे!" मी मात्र काकांच्या पाठीकडे बघत होते. आपलं सगळ्यात चांगलं वर्ष कोणतं, हे दुसरेच ठरवतायत, तेव्हा माणसाला काय वाटत असेल? माझं कोणतं होतं? होऊन गेलं की काय?

"दत्तू, ये रे! पहिला नंबर!"

ते घाम पुसत आले. मी विचारलं, "काका, तेव्हा कळलं होतं का तुम्हाला, की हेच ते वर्ष?"

"छे गं," ते हसले. "मला वाटायचं, आत्ता कुठे हात बसतोय. खरं खेळू पुढच्या वर्षी."