आजोबांचं अर्धं लॉन

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, लॉन कुठे गेलं? मी तोंड उघडायच्या आत आजोबांनी फोन हातात घेतला आणि "आम्ही ते काढायचं ठरवलं" असं सांगून टाकलं. त्या 'आम्ही'मुळे मी आज हे लिहायला बसले आहे. आई वाचून दाखवेल.

आजोबा फौजेतून रिटायर झाल्यावर चंडीमंदिर छावणीतलं क्वार्टर सोडून आम्ही इथे उत्तरेतच या घरात आलो, तेव्हापासून लॉन त्यांचं होतं. उन्हाळ्यात इथे सकाळी लॉनला पाइप लावायला बंदी असते, म्हणून ते संध्याकाळी तासभर पाणी मारत. तरी मे महिन्यात गवत पिवळं पडायचंच. मला तिथे भाजी हवी होती. आजोबांच्या बदलीच्या नोकरीत मी प्रत्येक क्वार्टरमध्ये काही ना काही लावलं आणि ते दरवेळी पुढच्या बिऱ्हाडाने खाल्लं. तीन गावांत शेवगा लावला, पण स्वतःच्या झाडाची एक शेंग माझ्या आमटीत पडली नाही.

एका फेब्रुवारीत चहाच्या वेळी मी अर्धं लॉन मागितलं.

"काय लावणार?" आजोबांनी विचारलं.

"गवार, चवळी, दोडका. भिंतीलगत करवंद आणि अडुळसा. त्यांना पाणी फारसं लागत नाही."

"मे महिन्यात इथे फक्त कूलर जगतो."

"अहो, अर्धंच मागतेय."

"घे. पण माझ्या पाइपला हात लावायचा नाही. जूनच्या शेवटच्या रविवारी इन्स्पेक्शन. हिरवं दिसलं तर सगळं लॉन तुझं. नाही दिसलं तर परत गवत, आणि हा विषय बंद."

"पक्कं," मी म्हटलं.

माझा भरवसा माठांवर होता. मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरायचा, पाण्याने भरून वर झाकण ठेवायचं. पाणी हळूहळू झिरपतं आणि भोवतीची मुळं ते पितात. हे मी एका इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं. रस्त्याच्या कडेला एक कुंभारीण बसते, तिच्याकडून सहा माठ आणले. आता आमची सवय बघा. छावणीत कुंड्या, विटा, झाडांची खोडं, सगळ्यांना गेरू आणि वर पांढरा पट्टा असतो. कोरा माठ पुरणं मला गबाळेपणाचं वाटलं. मी सहाही माठांना आतून-बाहेरून लाल ऑइल पेंटचे दोन हात दिले, वर पांढरा पट्टा ओढला आणि मगच ते पुरले. माठ रंगवू नका, असं पुस्तकात लिहिलं नव्हतं. असं कुणी करेल हे लिहिणाऱ्याच्या मनातही आलं नसणार.

रोज सकाळी मी विणायची सुई बुडवून पाणी मोजायची आणि वहीत लिहायची. पाणी उतरतच नव्हतं. मला वाटलं, किती काटकसरीची पद्धत आहे. तिसऱ्या आठवड्यात गवार माना टाकून आडवी झाली. चवळीची चारच रोपं उरली.

"माठ भरलेले आहेत ना?" आजोबांनी खुर्चीतून विचारलं. "मग रोपांना पोहायला शिकव."

मी रिक्षा करून कुंभारणीकडे गेले आणि माठ खराब निघाले म्हणून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बीबीजी, पेंट किया था?"

"हाँ. दो हाथ."

"तो प्लास्टिक की बाल्टी गाड़ देतीं. सस्ती पड़ती."

तिथे बसलेली दोन गिऱ्हाइकं हसली. मीही हसले, पण जरा उशिरा. तिच्याकडून सहा कोरे माठ घेतले.

एप्रिल संपत आला होता. माळ्याला घेऊन मी रंगीत माठ उपसले, कोरे पुरले आणि पुन्हा बी टोकलं. दुसऱ्या दिवशी सुई बुडवली तर पाणी चार बोटं उतरलेलं. वहीत त्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या आहेत. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं पाणी सगळं माठांत जाऊ लागलं. बाहेर लूचा भाजणारा वारा वाहायचा, दुपारी फाटकाची कडी हाताला चटका द्यायची, पण माठांभोवती हिरवी वर्तुळं रुंदावत गेली.

जूनच्या शेवटच्या रविवारी आजोबा काठी घेऊन इन्स्पेक्शनला निघाले. त्यांच्या बाजूला गवत कुरकुरत होतं. माझ्या बाजूला दोडक्याने भिंत धरली होती, चवळी शेंगांनी लगडली होती, करवंदाला कोवळे काटे फुटले होते. त्यांनी काठी बाजूला ठेवली, वाकून माठाजवळ बोट खुपसलं आणि ते ओलं बोट बराच वेळ बघत राहिले. जेवताना दाण्याचं कूट घातलेली गवारीची भाजी तीनदा वाढून घेतली.

हात धुताना म्हणाले, "माळी उद्या येईल ना? उरलेलं खणायला मीही उतरतो."

आता बागेत अठरा माठ आहेत, सगळे कोरे. नंतर लावलेला शेवगा माझ्या डोक्याच्या वर गेला आहे आणि त्याच्या शेंगा आम्हीच खातो. रंगवलेल्या सहांपैकी एक माठ दारात आहे, त्यात आजोबांच्या काठ्या असतात. आणि लॉन पूर्ण गेलेलं नाही. दोन वेताच्या खुर्च्या मावतील एवढं गवत अजून आहे.