चिनी मातीची शेगडी

शेजारच्या गच्चीवर कुणीतरी कोळशांवर थिनर ओतलं आणि त्या वासानं मला महाळुंग्याचं कंपनीचं गेस्ट हाऊस आठवलं. मी तिथं स्वयंपाकाला होते. एका दुपारी कंपनीच्या पाहुण्यांसाठी चिनी मातीच्या छोट्या शेगडीवर पापलेट भाजायचं होतं.

“साहेब, निखाऱ्यांवर पांढरी राख धरू द्या, मगच आच लागंल,” मी म्हणाले.

“तू मला शिकवू नकोस,” म्हणत मॅनेजरनं थिनर ओतलं. भडका उडाला. पापलेट वरून करपलं, आत कच्चंच राहिलं. पाहुण्यांनी ताटं सरकवली, तसा तो हसत म्हणाला, “गावची बाई, हिला काय कळतंय!”

“थिनर तुमी ओतलं,” मी सगळ्यांसमोर बोलले. त्याच दिवशी काम गेलं. जीभ आवरली नाही म्हणून तेव्हा मी घरी येऊन रडले होते. आज मॅनेजरचा जितका राग येतो, तितकाच त्या रडण्याचाही येतो.